८०७ नॅनोमीटरचं कोडं: विहिरीतले इलेक्ट्रॉन आणि होल नेमके बसतात कुठे?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात घोळ असेल तर इथेच कळेल. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तुम्हाला गॅलियम आर्सेनाइडचा एक तुकडा मिळाला आहे. त्यात १० नॅनोमीटर जाडीची एकच क्वांटम वेल (इतका पातळ थर की त्यात अडकलेल्या कणांच्या ऊर्जेला ठरावीक पातळ्या पडतात) आणि दोन्ही बाजूंना ३० टक्के ॲल्युमिनियम असलेलं ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड. पेटीतल्या कणाचं सूत्र लावलं तर प्रकाश ८३२ नॅनोमीटरला यायला हवा होता. हिरव्या ५३२ च्या लेझरने फोटोल्युमिनेसन्स (लेझर पाडल्यावर नमुन्यातून निघणारा प्रकाश) मोजलं तर खोलीच्या तापमानाला शिखर आलं ८५० ला, आणि त्याच्या डाव्या अंगाला एक खांदा. द्रव नायट्रोजन ओतल्यावर शिखर ८०७ ला गेलं आणि खांदा गायब झाला. गाईड म्हणतात, एक्सिटॉन, म्हणजे एकमेकांना बांधलेली इलेक्ट्रॉन-होलची जोडी. सीनियर म्हणतो, विहिरीची जाडीच चुकली आहे. शेवटी तुम्ही विचारलंय की खोलीच्या तापमानाला हे वाहक (इलेक्ट्रॉन, आणि होल म्हणजे इलेक्ट्रॉनने मागे सोडलेली, धन प्रभारासारखी वागणारी रिकामी जागा) विहिरीत टिकतात तरी कसे, उडून का जात नाहीत.

(वेल म्हणजे मांडवावर चढते ती नव्हे, विहीर. आमच्याकडे नव्या मुलांसमोर हा विनोद दरवर्षी एकदा होतोच. पुढे मी विहीरच म्हणेन.)

माझ्या मते तुमची अडचण सूत्राची कमी आणि अपेक्षेची जास्त आहे. सूत्रातून तुम्ही ऊर्जेच्या पातळ्या काढल्यात, म्हणजे एसटीतल्या जागा मोजल्यात. उपकरण मात्र जागा मोजत नाही. कुठल्या जागेवर कोण बसलंय, किती जण बसलेत आणि त्यातले कोण जोडीने बसलेत, ते मोजतं. त्यामुळे दोन कामं वेगळी करावी लागतात. आधी जागा नीट काढायच्या, मग बसणाऱ्यांकडे बघायचं.

पुढचं सगळं एका अटीवर आहे. नमुना डोपिंग (मुद्दाम मिसळलेली अशुद्धी) न केलेला आहे आणि सोबतच्या कागदावरची जाडी व ॲल्युमिनियमचं प्रमाण ढोबळमानाने बरोबर आहे, असं मी धरते आहे. डोपिंग असेल किंवा नमुना गॅलियम नायट्राइडच्या घराण्यातला असेल तर गोष्ट बदलते. त्यावर खाली थोडं लिहिलंय.

आता जागा. तुमच्या सूत्रात विहिरीच्या भिंती अनंत उंच आहेत. इलेक्ट्रॉनचं परिणामी वस्तुमान (मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या पटीत) ०.०६७ धरून १० नॅनोमीटरला पहिली पातळी तळापासून ५६ मिली-ईव्हीवर (इलेक्ट्रॉन-व्होल्टचा हजारावा भाग) येते. जड होलची सुमारे ११ वर (होल जड आणि हलके असे दोन प्रकारचे, त्यावर पुढे). खोलीच्या तापमानाचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटा व्हायला लागणारी किमान ऊर्जा, १.४२४ ईव्ही; त्यात हे दोन मिळवले की १.४९१, म्हणजे तुमचे ८३२ नॅनोमीटर. गणित चोख आहे. पण खरी भिंत इलेक्ट्रॉनसाठी जेमतेम ०.२३ ईव्ही उंच आहे आणि तरंगफलन (इलेक्ट्रॉन कुठे सापडेल ते सांगणारं) तिच्यात शिरतं. किती शिरतं? दोन्ही बाजूंना साधारण १.४ नॅनोमीटरपर्यंत, मग विरतं. सांत, म्हणजे ठरावीक उंचीच्या, भिंतीचं समीकरण सोडवलं (वस्तुमान आत ०.०६७ आणि भिंतीत ०.०९२, हा फरक विसरू नका) की पहिली पातळी ५६ वरून ३० मिली-ईव्हीवर उतरते. इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने ती पेटी १० नव्हे, पावणेचौदा नॅनोमीटरची आहे. जड होल ११ ऐवजी साडेसातवर येतो. बेरीज साडेसदतीस, म्हणून अपेक्षा ८४८ नॅनोमीटर. तुम्ही मोजलेत ८५०. अठरा नॅनोमीटरच्या गोंधळातले सोळा भिंतीनेच खाल्ले होते.

अनंत भिंत किती फसवते ते बघायचं असेल तर हेच ५ नॅनोमीटरच्या विहिरीसाठी करा. सूत्र २२४ मिली-ईव्ही सांगतं, म्हणजे इलेक्ट्रॉन जवळजवळ भिंतीच्या काठावर. सांत भिंतीने उत्तर येतं ७३. तिप्पट फरक. म्हणून मी मुलांना अनंत विहीर फळ्यावर शिकवते, पण मोजमापाच्या वहीत लिहू देत नाही.

भिंतीची उंची मी ०.२३ धरली, ती कुठून आली हे विचारायला हवं. दोन पदार्थांच्या बँड गॅपमधला फरक ०.३७ ईव्हीच्या आसपास. त्यातला किती वाटा इलेक्ट्रॉनच्या बाजूला आणि किती होलच्या, हा जुना वाद. १९७४ मध्ये बेल लॅब्जमध्ये डिंगल आणि सहकाऱ्यांनी याच पदार्थांतल्या विहिरींच्या शोषणात पायऱ्या दाखवल्या आणि वाटणी काढली ८५:१५. दहाएक वर्षं सगळे तेच वापरत होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती ६०:४० ते ६५:३५ च्या घरात सरकली आणि तिथेच स्थिरावली.

एवढी मोठी चूक एवढी वर्षं चालली कशी? मला याचं उत्तर स्वतःच्या चुकीतून मिळालं. सुरुवातीच्या काळात कोणाच्या तरी जुन्या हस्तलिखित टिपणांवरून मी ८५:१५ उचलून प्रोग्रामात टाकलं होतं आणि कित्येक महिने माझी शिखरं छान जुळत होती. तुमच्याच विहिरीला करून बघा. ८५:१५ घेतलं तर इलेक्ट्रॉन ३० वरून ३२ वर चढतो, होल साडेसातवरून साडेसहाच्या खाली घसरतो, आणि बेरीज दीड मिली-ईव्हीसुद्धा बदलत नाही. एकाचं वाढतं, दुसऱ्याचं घटतं, शिखर जागच्या जागी. माझी चूक उघडी पडली ती विहिरीतून होल किती सहज निसटतात हे मोजायला घेतलं तेव्हा. माझ्या हिशोबात होलची भिंत ५५ मिली-ईव्हीची होती, प्रयोग सांगत होता की दुपटीहून जास्त असली पाहिजे. तेव्हा खालचं शिखर जुळलं म्हणून आकडे बरोबर आहेत असं समजू नका. ते शिखर फार सोशिक असतं.

आता बसणारे. इथे चित्राने होणारी एक फसवणूक आधी काढून टाकू. पुस्तकात विहीर म्हणजे एक खड्डा काढलेला असतो आणि त्यात आडव्या रेघा. बघणाऱ्याला वाटतं इलेक्ट्रॉन रेघेवर अडकून बसलाय, अणूतल्यासारखा. तो खड्डा फक्त जाडीच्या दिशेने आहे. उरलेल्या दोन दिशांना वाहक मोकळा आहे, बिनदिक्कत मायक्रोमीटरभर हिंडतो. पातळी म्हणजे रेघ नाही, अख्खा मजला आहे. मजल्याची उंची ठरलेली, पण त्यावर धावणाऱ्याची गतिज ऊर्जा शून्यापासून वर काहीही.

या मजल्यावर जागा किती? द्विमितीचं वैशिष्ट्य असं की जागांची घनता ऊर्जेबरोबर बदलतच नाही. गॅलियम आर्सेनाइडच्या इलेक्ट्रॉनसाठी दर चौरस सेंटीमीटरला, दर मिली-ईव्हीला २,८०० कोटी जागा. (मी हे आकडे कोटींत लिहिते, घातांकांपेक्षा डोक्यात लवकर बसतात.) आता तुमचा लेझर. समजा ५ मिलिवॅट आणि ठिपका ५० मायक्रोमीटर व्यासाचा. हिरव्या फोटॉनची ऊर्जा २.३३ ईव्ही, भिंतीच्या पदार्थाच्या बँड गॅपपेक्षाही जास्त, म्हणून बरेचसे वाहक भिंतीतच जन्मतात आणि मग विहिरीत पडतात. आलेल्या फोटॉनांपैकी एक दशांशांचे वाहक विहिरीत पोचले आणि तिथे नॅनोसेकंदभर जगले असं धरलं तर कुठल्याही क्षणी विहिरीत दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ७,००० कोटी वाहक. केल्व्हिन शून्याला ते तळाचे अडीच मिली-ईव्ही भरतील. खोलीच्या तापमानाला ते पसरतात आणि तळाच्या दहा जागांमागे जेमतेम एक भरलेली असते. म्हणजे गाडी रिकामीच आहे. लेझरने विहीर भरून शिखर सरकलं असेल, ही शंका तुमच्या बाबतीत सोडून द्या. एक दशांश हा माझा अंदाज आहे, तिपटीने चुकला तरी निष्कर्ष तोच.

या वाहकांचा दिनक्रमही माहीत असावा. जन्मतात तेव्हा त्यांच्याकडे गरजेपेक्षा खूप ऊर्जा असते. पहिल्या शंभरेक फेम्टोसेकंदांत ते आपसांत धडकून ती वाटून घेतात. मग अणूंच्या जाळीला प्रकाशीय फोनॉन (जाळीच्या कंपनाचे पुडके) देत उतरतात, एका फोनॉनला ३६ मिली-ईव्ही, आणि असा एक फोनॉन द्यायला पिकोसेकंदाचा काही दशांशच लागतो. काही पिकोसेकंदांत विहिरीत, काही दशक पिकोसेकंदांत जाळीच्या तापमानाला. पिकोसेकंद म्हणजे एक सेकंद अशी कल्पना केली तर मिनिटभरात स्थिरस्थावर होऊन पुढे पंधरा-सतरा मिनिटं ते नुसते हिंडत असतात आणि मग कधीतरी इलेक्ट्रॉन-होल भेटून फोटॉन निघतो. म्हणून त्यांना एक तापमान आहे असं म्हणता येतं आणि बोल्ट्झमनचा नियम (जागा जितकी वर, तितके बसणारे कमी) बिनधास्त लावता येतो.

त्याचा पुरावा तुमच्या आलेखातच आहे. उभा अक्ष लॉगमध्ये घ्या, आडवा ऊर्जेत. शिखराच्या जास्त ऊर्जेच्या बाजूची शेपटी सरळ रेषेत उतरेल, आणि तिच्या उतारावरून वाहकांचं तापमान निघेल. लेझरची शक्ती वाढवत न्या, उतार हळूहळू सपाट होईल. जाळी थंड आणि वाहक तापलेले, हे दृश्य स्वतःच्या डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. अजून एक गंमत: जाड, त्रिमितीय गॅलियम आर्सेनाइडमध्ये जागांची घनता तळाशी शून्यापासून वाढते, म्हणून तत्त्वतः उत्सर्जनाचं शिखर बँड गॅपच्या थोडं वर येतं, खोलीच्या तापमानाला १३ मिली-ईव्ही. विहिरीत तळालाच पायरी आहे, म्हणून शिखर काठावरच. दोन्हींना एकच दुरुस्ती लावणारे अहवाल मी तपासले आहेत.

आता खांदा. त्रिमितीय पदार्थात जड होल आणि हलका होल यांचे बँड वरच्या टोकाला एकत्र मिळतात. विहीर त्यांची फारकत करते, कारण जाडीच्या दिशेने त्यांची वस्तुमानं वेगळी, जडाचं ०.३५ आणि हलक्याचं ०.०९. हलक्या होलची पातळी २२ मिली-ईव्हीवर येते, जडाची साडेसात, अंतर चौदा-पंधरा. ८५० च्या शिखरापासून तेवढं वर म्हणजे ८४१-८४२ नॅनोमीटर. तुमचा खांदा तिथेच असेल. खोलीच्या तापमानाची उष्णता २६ मिली-ईव्हीची, म्हणून हलक्याच्या मजल्यावर जाणाऱ्यांची संख्या तळाच्या निम्म्याहून थोडी जास्त. शिवाय पृष्ठभागातून बाहेर येणाऱ्या प्रकाशात जड होलचा जोर हलक्याच्या तिप्पट. म्हणून शिखर नाही, नुसता खांदा, पाचव्या हिश्श्याचा. नायट्रोजनच्या तापमानाला उष्णता साडेसहाची, वर जाणारे नवात एक, वर तीनने भागा. उरलं चार टक्के, ते शेपटीत बुडालं. खांदा गायब झाला याचा अर्थ पातळी गेली नाही. वर कोणी बसायला उरलं नाही.

खात्री करायची असेल तर तुकड्याची कड तोडून कडेतून येणारा प्रकाश ध्रुवकातून (पोलरायझर) बघा. ध्रुवक विहिरीच्या जाडीच्या दिशेला फिरवला की जड होलचा वाटा जवळजवळ शून्य होतो आणि हलकाच उरतो. दहा मिनिटांचं काम आहे, आणि तोंडी परीक्षेत त्याचं वजन पडतं.

जाता जाता नावाचा एक घोळ. जड होल जाडीच्या दिशेने जड असतो. विहिरीच्या प्रतलात त्याचं वस्तुमान सुमारे ०.११ आणि हलक्याचं ०.२. म्हणजे जो जड म्हणून नावाजलेला, तोच मजल्यावर चपळ. हे तळाजवळच खरं आहे, थोडं वर गेलं की दोन्ही बँड एकमेकांत मिसळून वक्र वेडेवाकडे होतात. पण नावावरून गतिशीलतेचा अंदाज बांधू नका.

इथपर्यंतचा हिशोब: ८३२ आणि ८५० मधला फरक भिंतीमुळे, खांदा हलक्या होलमुळे. राहिले वाहक टिकतात का, आणि ८०७.

टिकतात का? इलेक्ट्रॉनला काठापर्यंत अजून २०० मिली-ईव्ही चढायचं आहे आणि हातात सरासरी २६ आहेत. जड होलला १३० च्या आसपास. भिंतीत जागा भरपूर असतात, त्या धरूनही कुठल्याही क्षणी हजारात एखादा इलेक्ट्रॉन बाहेर सापडेल. होल त्याहून जास्त. ते बाहेर जातात आणि परत पडतातही, ही ये-जा चालूच असते. काळजी तेव्हा करायची जेव्हा भिंतीचा पदार्थ दोषांनी भरलेला असेल, कारण बाहेर गेलेला परत येण्याआधीच तिथे उष्णतेत खर्ची पडतो. ॲल्युमिनियम असलेल्या थरात ऑक्सिजन सहज घुसतो, म्हणून हे होतं. खोलीच्या तापमानाला उजेड अगदीच मंद असेल तर तिकडे बघा. विहीर ५ नॅनोमीटरची असती तर पातळी वर, उरलेली चढण कमी आणि गळती बरीच जास्त.

आता ८०७. इथेच तुमचे गाईड आणि सीनियर भांडताहेत.

७७ केल्व्हिनला बँड गॅप १.५०८ ईव्ही होतो. त्यात आपले साडेसदतीस मिळवले तर शिखर ८०२ नॅनोमीटरला हवं. तुम्हाला मिळालं ८०७, म्हणजे ऊर्जा ९ मिली-ईव्हीने कमी. गाईड म्हणतात एक्सिटॉन, आणि त्यांचा आकडा बसतो. इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना बांधून फिरतात, हायड्रोजनसारखे. त्रिमितीय गॅलियम आर्सेनाइडमध्ये ही गाठ ४.२ मिली-ईव्हीची. त्रिज्या साधारण ११-१२ नॅनोमीटर, म्हणजे तुमच्या विहिरीहून मोठी. विहिरीत दाबल्याने दोघं जवळ येतात आणि गाठ घट्ट होते. काटेकोर द्विमितीत चौपट झाली असती, खऱ्या १० नॅनोमीटरच्या विहिरीत ८ ते १० च्या घरात. ७७ केल्व्हिनची उष्णता साडेसहाची, म्हणून गाठ बरीचशी टिकते.

सीनियरचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही. एका अणुथराची जाडी ०.२८ नॅनोमीटर. एक थर जास्त पडला तर या विहिरीत शिखर पावणेदोन मिली-ईव्हीने खाली येतं. ९ मिली-ईव्हीसाठी पाच थर जास्त हवेत, दीड नॅनोमीटर. बारीक विहिरीत एवढं होत नाही असं कोणी म्हणू नये. चकतीच्या मध्याला आणि कडेला जाडी वेगळी असते, आणि तुमचा तुकडा कडेचा असेल तर कागदावरचा आकडा त्याला लागू नाही. पण जाडी तापमानाबरोबर बदलत नाही. दीड नॅनोमीटर जास्त असती तर खोलीच्या तापमानालाही शिखर ९ ने खाली, ८५४ च्या आसपास आलं असतं. आलं ८५० ला. दोन मोजमापांमध्ये बँड गॅप ८४ मिली-ईव्हीने घसरला आणि शिखर फक्त ७८ ने. मधले सहा कुठे गेले? थंडीत काहीतरी शिखराला खाली ओढत होतं, ते गरम झाल्यावर सुटलं. असं वागते ती गाठ, जाडी नव्हे. थोडा वाटा विहिरीच्या जाडीतल्या चढउतारांचाही असतो, थंडीत वाहक जाडसर भागांत जाऊन बसतात. पण ओढण्याची दिशा तीच.

मग गाईड जिंकले? थांबा. १९९० नंतरच्या पिढीला एक्सिटॉन म्हटलं की विषय संपल्यासारखं वाटतं. मला आधी एक विचारायचंय: नमुना खरोखर ७७ केल्व्हिनला होता का?

कारण हे बघा. नमुना ११० केल्व्हिनला असता तर बँड गॅप १.४९८, अधिक साडेसदतीस, बरोबर १.५३५ आणि थोडं, म्हणजे ८०७ नॅनोमीटर. एक्सिटॉनशिवाय! ७७ केल्व्हिन आणि गाठ, किंवा ११० केल्व्हिन आणि गाठ नाही, दोन्ही वाटा एकाच आकड्यावर येतात. सहा मिली-ईव्हीचा माझा वरचा युक्तिवादही त्याबरोबर कोसळतो.

हे पुस्तकी वाटेल म्हणून स्वतःचं सांगते. जुलैत, मुंबईच्या दमट हवेत, क्रायोस्टॅटची (नमुना थंड ठेवणारं भांडं) निर्वात पोकळी नीट धरत नव्हती आणि खिडकीवर सारखं दव साचत होतं. ते पुसण्यात माझं लक्ष. तापमापक ७८ दाखवत होता, कारण तो तांब्याच्या थंड बोटात खाली खोवलेला. नमुना ज्या चांदीच्या पेस्टने चिकटवला होता ती एका कोपऱ्यात उचकटली होती आणि तो तुकडा अर्धवट लोंबत लेझरखाली तापत होता. तीन दिवसांची मोजमापं वहीत सुवाच्य अक्षरात लिहून झाली. चौथ्या दिवशी सहकाऱ्याने आलेखाच्या उजव्या टोकाकडे बोट दाखवून विचारलं, तुझा गॅलियम आर्सेनाइड ८२८ ला कसा?

विहिरीखाली जाड गॅलियम आर्सेनाइडचा थर असतोच, आणि बहुतेक नमुन्यांत त्याचा स्वतःचा छोटा उंचवटा दिसतो. त्याला ना विहिरीची जाडी माहीत, ना भिंतीची उंची. त्याला फक्त तापमान माहीत. ७७ केल्व्हिनला तो ८२२ च्या आसपास, ११० ला ८२८ कडे. त्यालाही एक-दोन नॅनोमीटरची अनिश्चितता आहे, पण पाच-सहाचा फरक लपत नाही. कधी कधी अजून उजवीकडे, ८३५ च्या सुमाराला, कार्बनच्या अशुद्धीची रेष असते. तिला तापमापक समजू नका.

तरंगलांबीची शिस्तही इथेच तपासावी लागते. या भागात एक नॅनोमीटर म्हणजे १.९ मिली-ईव्ही. वर्णपटमापक तीन नॅनोमीटरने सरकलेला असेल तर ज्या सहावर आपण भांडतोय ते त्यातच गेले. आर्गॉनचा दिवा लावा, ८११.५ आणि ८४२.५ च्या रेषा तुमच्या दोन्ही शिखरांच्या शेजारीच पडतात.

दोन अपवाद कबूल केले होते, ते उरकते. नमुन्याच्या भिंतीत डोपिंग असेल तर विहिरीत इलेक्ट्रॉन कायमचे वस्तीला असतात, लेझर असो वा नसो. बेल लॅब्जमध्ये १९७८ मध्ये सुरू झालेली ही युक्ती: इलेक्ट्रॉन देणारे अशुद्धीचे अणू भिंतीत ठेवायचे आणि इलेक्ट्रॉन विहिरीत पडू द्यायचे, म्हणजे अणूंच्या प्रभारावर त्यांचं आपटणं कमी होतं. १९८० मध्ये फुजित्सूत यातूनच वेगवान ट्रान्झिस्टर झाला, आणि २०२१ मध्ये प्रिन्स्टनला अतिथंड नमुन्यात गतिशीलता नेहमीच्या एककांत (चौरस सेंटीमीटर प्रति व्होल्ट-सेकंद) ४.४ कोटींवर पोचली. खोलीच्या तापमानाला मात्र आठ-नऊ हजारांवर अडते, फोनॉन सोडत नाहीत. अशा विहिरीत २०,००० कोटींच्या आसपास इलेक्ट्रॉन असले की ते गाठ झाकून टाकतात आणि एक्सिटॉनचं गणित वेगळं करावं लागतं. दुसरा अपवाद घरातल्या पांढऱ्या एलईडीतला. इंडियम गॅलियम नायट्राइडच्या दोन-तीन नॅनोमीटरच्या विहिरीत पदार्थाचं स्वतःचं प्रचंड विद्युतक्षेत्र असतं, विहिरीचा तळ तिरपा होतो, इलेक्ट्रॉन एका भिंतीला आणि होल दुसऱ्या भिंतीला. तिथे प्रवाह वाढवला की शिखर निळ्याकडे सरकतं, कारण वाहक स्वतःच ते क्षेत्र झाकतात. तुमच्या नमुन्यात हे दोन्ही नसावं, पण कागदावर डोपिंगचा रकाना एकदा वाचा.

तुमच्या नायट्रोजनच्या आलेखाचा आडवा अक्ष ८१५ ला संपतोय. तो ८४५ पर्यंत वाढवून तेच मोजमाप पुन्हा घ्या, आणि लेझरसाठी लावलेला फिल्टर त्या भागात काही अडवत नाही ना, तेही बघा. उंचवटा ८२२ ला आला तर गाईडना पेढे द्या. ८२८ ला आला तर नमुना काढा, पेस्ट खरवडून नव्याने लावा.